बुडबुड्याचा आवाज

बुडबुडा हा शब्द कानीं पडला कीं आपल्याकडील सुशिक्षित मनुष्याच्या मनांत प्रथम वैराग्याचे विचार उभे राहतात. देह, संपत्ति, अधिकार, कीर्ति हीं सर्व पाण्यावरील बुडबुड्यासारखीं आहेत, हें आपण कीर्तनांत ऐकिलें आहे, आजोबांच्या तोंडून ऐकिलें आहे, आणि प्रसंगीं दुसऱ्यांस ऐकविलेंही आहे. परंतु बुडबुडा फुटतो एवढ्यावरच आपण थांबतों. फुटण्यापूर्वीं तो काय करितो, हें पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. आम्हींही वयाची साठ वर्षें उलटेपर्यंत ती घेतली नव्हती. आणि ती न घेतल्यामुळें आमच्या हातून घरांतल्या एका लहान मुलावर अन्याय घडला. त्याचीच हकीकत आज वाचकांस सांगावयाची आहे.

आमचें घर जुन्या वळणाचें आहे. आम्ही तिघे बंधु, आमच्या बायका, मुलें, सुना, आणि सर्वांवर आमच्या मातोश्री, अशीं चौदा माणसें एका स्वयंपाकघरांत जेवतात. मातोश्रींचें वय शहाऐंशी. कांचबिंदूमुळें त्यांची दृष्टि गेली आहे. त्यांस उजेड आणि अंधार यांतला भेद तेवढा कळतो. बाकी सर्व ओळख आवाजावरून. कोणती सून ओटीवरून गेली, कोणत्या नातवानें साखरेचा डबा उघडला, हें त्या जागच्या जागीं बसून सांगतात.

२०२३ सालीं वार्षिक परीक्षा संपल्यावर आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलानें, म्हणजे आमच्या नऊ वर्षांच्या पुतण्यानें, मासे पाळण्याचा हट्ट धरिला. दोन फूट लांब, एक फूट रुंद व पंधरा इंच पाण्याची कांचेची टांकी माजघरांत आली. तींत सुमारें ७० लिटर पाणी, कांहीं पाणवनस्पति आणि चार सोनेरी मासे. बाजूच्या फळीवर विजेवर चालणारा लहानसा पंप, त्यापासून पाण्यांत सोडलेली नळी, आणि नळीच्या टोंकास सच्छिद्र दगड. त्या दगडांतून बुडबुड्यांची एक माळ अहोरात्र वर चढत असे.

माजघराला लागूनच आमची निजण्याची खोली. मे महिन्यांत उकाड्यानें झोंप आधींच कमी, त्यांत तें रात्रभर चाललेलें गुडगुडणें. एके रात्रीं आम्ही त्रासून उठलों व पुतण्यास म्हणालों, “अरे, रात्रीं तो पंप बंद करीत जा. ते बुडबुडे दिवसां पाहावयास ठीक आहेत; रात्रीं ते पाहतो कोण?” मुलगा आज्ञाधारक. त्यानें त्याच रात्रीं पंप बंद केला, आणि पुढें रोज निजतांना बंद करून सकाळीं तो सुरू करूं लागला.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं दोन मासे उलटे होऊन पाण्यावर तरंगत होते. उरलेले दोन पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडीत व मिटीत होते. घरांत एकच गलका झाला. आम्ही वडीलधारे, निदान करणें हा आमचा हक्क. आम्हीं टांकीकडे एकवार पाहिलें आणि निर्णय देऊन टाकिला कीं मुलानें जास्त खाणें घातलें. एवढ्यावर न थांबतां सर्वांच्या देखत त्यास चार शब्द सुनावले. मुक्या जीवांची जबाबदारी घ्यावयाची तर अंगीं शिस्त पाहिजे, वगैरे वगैरे. मुलगा मान खालीं घालून उभा राहिला. एक अक्षरही बोलला नाहीं. आमच्या घरीं वडिलांस उलट उत्तर देण्याची रीत नाहीं. आणि ती नाहीं याचा अभिमान बाळगणाऱ्या आम्हांस, त्याचें मौन म्हणजे अपराधाची कबुली आहे असेंच वाटलें.

त्या दिवशीं दुपारीं मातोश्रींनीं आम्हांस जवळ बोलाविलें. म्हणाल्या, “तीन रात्रीं पाण्याचा आवाज येत नव्हता. तूंच बंद करावयास सांगितलेंस ना त्याला?”

आम्ही म्हटलें, “हो आई. पण त्याचा माशांशीं काय संबंध? ते शोभेचे बुडबुडे.”

“मला काय कळतें त्यांतलें? पण पहिली रात्र आवाज थांबला तेव्हांच मला चुकल्यासारखें वाटलें. तूं पोराला बोललास तें मीं ऐकलें. तो तुझें नांव घेऊं शकला असता. त्यानें घेतलें नाहीं. आतां कुणाला तरी नीट विचारून घे.”

विचारण्यास दूर जाण्याचें कारण नव्हतें. आमची धाकटी भावजय, त्या मुलाचीच आई, महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवितात. उत्तरपत्रिका तपासण्याच्या कामासाठीं त्या परगांवीं गेल्या होत्या, त्या दोन दिवसांनीं परत आल्या. त्यांनीं सर्व हकीकत ऐकून घेतली; कोणास बोल लाविला नाहीं. मुलाची वही मात्र मागविली. तींत त्यानें रोजचें खाणें तारीखवार लिहून ठेविलें होतें : सकाळीं एक चिमूट, संध्याकाळीं एक चिमूट. एकही दिवस चुकलेला नव्हता कीं वाढविलेला नव्हता.

मग त्या आम्हांस म्हणाल्या, “भाऊजी, पाण्यांत प्राणवायु किती असतो असें तुम्हांस वाटतें?” आम्हांस कांहींच वाटत नव्हतें. त्यांनीं सांगितलें तें वाचकांसाठीं येथें देतों. हवेंत प्राणवायूचा वांटा शेंकडा २१. समुद्रसपाटीवर २० अंश उष्णतेच्या एक लिटर गोड्या पाण्यांत, हवेशीं पूर्ण समतोल झाला तरी, फार तर ९ मिलिग्राम प्राणवायु विरघळतो. तेंच पाणी ३० अंशांवर गेलें कीं हें प्रमाण साडेसातांवर येतें. म्हणजे माशाला अधिक श्वास घ्यावा लागतो त्याच दिवसांत पाणी त्याला कमी देतें. आमच्या टांकीच्या सगळ्या ७० लिटर पाण्यांत मिळून जो प्राणवायु मावेल, तेवढा सुमारें दोन-अडीच लिटर हवेंत असतो. चार मासे, वनस्पति आणि तळाशीं कुजणारा गाळ एवढ्या सर्वांनीं या तुटपुंज्या सांठ्यावर गुजराण करावयाची असते.

आम्ही म्हणालों, “मग बुडबुडे हा प्राणवायु पाण्यांत घालतात, असेंच ना?”

“कांहीं थोडा घालतात. पण त्यांचें खरें काम निराळें आहे,” असें म्हणून त्यांनीं एका उंच कांचेच्या बरणींत पाणी भरलें, तें स्थिर होऊं दिलें, आणि लांब नळीनें तळाशीं शाईचा एक थेंब सोडला. बराच वेळ ती शाई तळाशींच रेंगाळत राहिली. मग पंपाची नळी बरणींत सोडतांच क्षणार्धांत शाई वर आली आणि सर्व पाणी निळें झालें.

त्या प्रयोगाचें मर्म असें. एक-दोन मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा पाण्यांतून सेकंदास वीस ते तीस सेंटिमीटर या वेगानें वर चढतो. आमच्या टांकीचें पाणी पंधरा इंच, म्हणजे अडतीस सेंटिमीटर. तेवढा प्रवास दीड-दोन सेकंदांत आटोपतो. एवढ्या अवधींत तो पाण्यास देणार तें किती? परंतु वर जातांना तो भोंवतालचें पाणी आपल्याबरोबर ओढून नेतो. तळाचें, प्राणवायु संपलेलें पाणी पृष्ठभागावर येतें, पृष्ठभाग हलतो, आणि तेथें तें पाणी मोकळ्या हवेंतून श्वास घेऊन पुन्हां खालीं जातें. घरगुती टांकीला हवा मिळते ती मुख्यत्वें या घुसळण्यानें. बुडबुडा हा येथें रवीचें काम करितो.

आणि रात्रीचें काय? वनस्पति उजेडांत प्राणवायु सोडतात. अंधारांत त्या स्वतःच तो घेतात. म्हणून टांकींतील प्राणवायु रात्रभर उतरत जातो व पहाटेच्या सुमारास सर्वांत कमी असतो. उकाड्याचे दिवस, निजानीज झाल्यापासून उजाडेपर्यंतची वेळ, आणि स्थिर पाणी, हीं तिन्ही आम्हीं आमच्या एका आज्ञेनें एकत्र आणिलीं होतीं. उरलेले दोन मासे त्या सकाळीं वर येऊन तोंडें उघडीत होते ते यासाठींच. आणि मुलानें नेहमींप्रमाणें पंप सुरू केल्यावर दुपारपर्यंत ते खालीं जाऊन पोहूं लागले होते, हेंही आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. पाहिलें होतें, परंतु विचार केला नव्हता.

त्या रात्रीं सर्व मंडळी पानावर बसली असतां आम्हीं पुतण्यास सांगितलें, “बाळ, मासे गेले ते माझ्या चुकीनें. तुला बोललों तें अन्यायाचें होतें.” एवढें वाक्य बोलण्यास आम्हांस दोन दिवस जुळवाजुळव करावी लागली होती, हें कबूल करितों. पंगतींत क्षणभर कोणी बोलेना. धाकट्या बंधूंनीं पानांतलें मीठ उगाच सरकविलें. मुलानें आमच्याकडे पाहिलें आणि विचारलें, “मग आतां पंप रात्रीं बंद करायचा नाहीं ना, मोठे काका?” आम्ही म्हटलें, “नाहीं.” तो म्हणाला, “आणि वीज गेली तर?”

प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर त्याच्या आईनें दिलें, आणि ज्यांच्या घरीं अशा टांक्या असतील त्यांस तें उपयोगी पडेल. वीज गेली तर टांकींतलेंच पाणी तांब्यानें काढून हातभर उंचीवरून पुन्हां टांकींत ओतीत राहावें. धारेनें पृष्ठभाग फुटतो व हवा मिसळते. फार वेळ वीज जात असेल तर घटावर चालणारा लहान पंप मिळतो, तो घरीं असावा. पंप पाण्याच्या पातळीच्या खालीं ठेवूं नये. ठेवावाच लागला तर नळींत एकमार्गी झडप बसवावी, नाहींतर पंप थांबतांच पाणी नळींतून उलट खालीं उतरून पंपांत शिरतें.

ह्या प्रसंगानंतर आमचें त्या टांकीकडे पाहणेंच बदललें. सायंकाळीं आरामखुर्ची तिच्यासमोर ओढून आम्ही बसूं लागलों. तेव्हां ध्यानांत आलें कीं अगदीं बारीक बुडबुडे सरळ रेषेंत वर जातात, आणि थोडे मोठे असले कीं ते नागमोडी किंवा मळसूत्री वाटेनें डुलत जातात. भावजयीस हें सांगितलें तेव्हां त्या हंसल्या. लिओनार्दो द व्हिंची याच्या टिपणांत हीच गोष्ट नोंदलेली आहे म्हणे. आणि स्वच्छ पाण्यांत बुडबुड्याची त्रिज्या ०.९२६ मिलिमीटरांपेक्षां वाढली कीं त्याची सरळ वाट सुटते, हें गणितानें दाखविणारा हेर्राडा व एगर्स यांचा निबंध २०२३ सालीं, म्हणजे आमची टांकी आली त्याच वर्षीं, प्रसिद्ध झाला. जी गोष्ट कोणत्याही पोरास दिसते, तिचा उलगडा व्हावयास पांचशें वर्षें लागलीं.

आवाजाचीही गोष्ट अशीच. बुडबुडा दगडापासून सुटतांना आंतील हवा क्षणभर आकुंचन व प्रसरण पावते, आणि बुडबुडा घंटेसारखा वाजतो. मार्सेल मिनार्ट या शास्त्रज्ञानें १९३३ सालीं त्याचा नियम मांडला. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदास सुमारें तीन हजार कंपनें करितो. त्रिज्या दुप्पट झाली कीं कंपनें निम्मीं होतात. म्हणजे बारीक बुडबुड्यांचा स्वर उंच व मोठ्यांचा खालचा. एके दिवशीं मातोश्री म्हणाल्या, “आज पाण्याचा आवाज जाडा येतो आहे.” पाहिलें तों दगडाचीं बहुतेक छिद्रें मळानें बुजलीं होतीं, आणि उरलेल्या एक-दोन वाटांनीं मोठाले बुडबुडे निघत होते. मुलानें दगड घांसून धुतला. तेव्हांपासून टांकीवर देखरेख मातोश्रींची. दिवसांतून दोनदां नातू त्यांस विचारतो, “आजी, आवाज बरोबर आहे ना?”

श्रावणांत एके दिवशीं पाऊस लागला होता व मुलें घरांत कंटाळलीं होतीं. मातोश्रींनीं आपल्या लहानपणची आठवण काढली. कोंकणांत कुंपणाच्या मोगली एरंडाचा देठ मोडून त्याच्या चिकाचे फुगे सोडीत, आणि रिठ्याच्या पाण्यांत पपईच्या पानाचा पोकळ देठ बुडवून त्यानें फुंकीत. (मोगली एरंडाच्या बिया विषारी असतात, मुलें तें झाड हाताळीत असल्यास लक्ष ठेवावें.) रिठा घरांत होता. तो भिजत घालून पाहिला. फेस भरपूर झाला, परंतु फुगे लवकर फुटूं लागले. मग भावजयीनें उकळून निवविलेल्या पाण्यांत भांडीं घांसण्याचा पातळ साबण घातला व वर दोन चमचे ग्लिसरीन. विहिरीच्या जड पाण्यांत अंगाचा साबण फुटतो, म्हणून उकळलेलें किंवा पावसाचें पाणी बरें. ग्लिसरीन पाण्यास लवकर सुकूं देत नाहीं. आणि पावसाळी दमट हवेंत तर फुगा आणखी टिकतो.

आमची समजूत अशी कीं साबणानें पाण्याची कातडी बळकट होते, म्हणून फुगा टिकतो. तें उलट निघालें. साबणानें पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण कमी होतो, जवळजवळ एक-तृतीयांशावर येतो. परंतु पापुद्रा एखाद्या ठिकाणीं ताणून पातळ झाला कीं तेथें साबण विरळ होतो, तेवढ्यापुरता ताण वाढतो, आणि शेजारचें पाणी तिकडे ओढलें जाऊन ती जागा भरून निघते. नुसत्या पाण्यास ही सोय नाहीं.

पृष्ठभागाच्या या शास्त्राचा एक मोठा पाया स्वयंपाकघरांत घातला गेला आहे, हें आमच्या भगिनीवर्गास सांगितलें पाहिजे. जर्मनींतील ब्राउनश्वाइग येथें अॅग्नेस पोकेल्स नांवाची तरुणी आजारी आईबापांची शुश्रूषा करीत घर सांभाळीत असे. स्त्रियांना तेव्हां विद्यापीठाचें दार बंद होतें. भांडीं धुतांना खरकट्या पाण्याचा पृष्ठभाग कसा वागतो हें तिनें पाहिलें, मोजण्याचें साधें उपकरण घरींच तयार केलें, आणि १८९१ सालीं लॉर्ड रॅले यांस पत्र लिहिलें. त्यांनीं तें ‘नेचर’ या नियतकालिकाकडे स्वतः धाडिलें, व तें त्याच वर्षीं छापून आलें.

मातोश्री त्या दिवशीं ओटीवरच बसल्या होत्या. कोरडें बोट लागतांच फुगा फुटतो, परंतु साबणाच्या पाण्यानें ओला केलेला हात त्यास चालतो. नातवानें आजीचा तळहात ओला केला आणि वीतभर फुगा अलगद त्यावर उतरविला. त्या हंसून म्हणाल्या, “वजन कांहींच नाहीं रे. आहे का तो?”

“आहे आजी. हिरवा आहे, मधें गुलाबी पट्टे आहेत. पट्टे खालीं सरकताहेत. आतां वर निळा झाला. आतां सोनेरी. आतां पांढुरका. आजी, वरती काळें झालें, आतां फुटेल.”

फुगा फुटला. मातोश्री म्हणाल्या, “कळलें. हाताला तुषार लागला.”

हें काळें होणें न्यूटननें १७०४ सालच्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथांत नोंदविलें आहे. पापुद्र्याच्या पुढल्या व मागल्या अंगांवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळून रंग होतात. पापुद्रा अतिशय पातळ झाला कीं ते किरण एकमेकांस मारतात व तेथें रंगच उरत नाहीं. पाणी खालीं ओघळतें, म्हणून माथा प्रथम काळा होतो.

आम्हांस त्या वेळीं भावजयीनें पूर्वीं सांगितलेली जोसेफ प्लाटो यांची गोष्ट आठवली. हे बेल्जमचे पदार्थवैज्ञानिक १८४३ च्या सुमारास पूर्ण अंध झाले. आणि साबणाच्या पापुद्र्यांचें त्यांचें बहुतेक काम त्यानंतरचें आहे. प्रयोग ते योजीत, मुलगा, जांवई व सहकारी ते करीत आणि काय दिसलें तें त्यांस सांगत. १८७३ सालीं त्यांचा ग्रंथ निघाला. तीन पापुद्रे एकत्र आले कीं एकमेकांशीं १२० अंशांचा कोन करितात, हा त्यांचा नियम आजही त्यांच्याच नांवानें चालतो. त्यांनीं स्वतः तो कोन डोळ्यांनीं पाहिला नव्हता. घरच्या माणसांवर विश्वास ठेवून पाहिला होता.

शेवटीं मुलांनीं ओल्या ताटलींत दोन फुगे एकमेकांस चिकटवून दाखविले. दोघे सारखे असले तर मधली भिंत सपाट राहते. एक मोठा व एक लहान असला तर ती मोठ्याच्या पोटांत फुगते. आम्हीं म्हटलें, मोठा लहानास दाबील कीं! भावजय म्हणाल्या, “नाहीं भाऊजी, जितका फुगा लहान, तितका त्याच्या आंतला दाब अधिक.” पुतण्या शेजारींच उभा होता. त्या मे महिन्यांतल्या सकाळीं खालीं मान घालून उभा असलेला तोच मुलगा आम्हांस दिसला, आणि आम्ही आणखी कांहीं विचारलें नाहीं.

टांकींत हल्लीं पुन्हां चार मासे आहेत. पंप रात्रभर चालतो. आवाज पूर्वीं होता तेवढाच आहे; परंतु आतां तो मध्येंच थांबला तरच आम्हांस जाग येते, आणि आम्ही तांब्या घेऊन माजघरांत जातों. बहुधा पुतण्या आमच्या आधींच तेथें पोंचलेला असतो, आणि अंधारांतून मातोश्रींचा आवाज येतो, “उठलां का रे दोघे?”